खुर्चीला खिळलेले कोण?

दिवाळी हा जिभेचा सण आहे, असे म्हटले तर कुणी रागावू नये. चार दिवस चकल्या-अनारशांनी तिचे लाड पुरवले जातात आणि त्याच चार दिवसांत तिची परीक्षाही होते. एरवी घरात तिन्ही सप्तकांत ओरडणारे चिरंजीव पाहुणे आले की ‘काका, पाणी आणू का?’ असे मंजुळ स्वरात विचारतात. ज्या जाऊबाईंविषयी आदल्याच दिवशी स्वयंपाकघरात बरेच काही बोलून झालेले असते, त्यांना ‘अगंबाई, किती दिवसांनी आलात!’ असे म्हणावे लागते. यात थोडे ढोंग असेल, नाही असे नाही. पण सभ्यपणाचा निम्मा भाग असल्या निरुपद्रवी ढोंगानेच तगून राहिला आहे.

आपल्या मराठी भाषेने तर आदर दाखवायची सोय व्याकरणातच करून ठेवली आहे. इंग्रज आपल्या राजाला आणि आपल्या कुत्र्याला एकाच ‘यू’ने हाक मारतो. आपल्याकडे ‘तू’ निराळा, ‘तुम्ही’ निराळे, आणि फारच अदब असली तर ‘आपण’. एवढेच नव्हे, तर माणूस समोर नसतानाही आपण त्याचा मान राखतो. ‘जोशी आला’ असे आपण म्हणत नाही, ‘जोशी आले’ असे म्हणतो. एकाच माणसाला अनेकवचनात बसवण्याची ही रीत किती गोड आहे! एकटे जोशी येतात, पण क्रियापद मात्र त्यांच्यामागून पाच-सहा माणसांचा लवाजमा घेऊन येते.

परंतु या लवाजम्याला कधी कधी दारातच थांबवले जाते, याकडे आपले लक्ष जात नाही. समजा, हेच जोशी उद्या अपघातात सापडले, पाठीच्या कण्याला मार बसला आणि पाय हलेनासे झाले. नोकरी तीच, वय तेच, हुद्दा तोच, पेटीवर बोटे फिरवण्यातला हातखंडाही तोच. मग आळीत बोलणे निघते: ‘तो पांगळा जोशी नाही का, कोपऱ्यावरचा?’ काल ‘आले’ आणि ‘गेले’ असणारे गृहस्थ आज ‘तो’ होतात. पाय गेले आणि त्यांच्याबरोबर अनेकवचनही गेले! डॉक्टरांच्या कुठल्याही अहवालात नसलेली ही इजा आपल्या जिभेने केलेली असते.

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे खरे. आपल्याकडे माणूस ओळखवून देण्याच्या रीतीच तशा आहेत. उंच तो लंबू, जाड तो ढब्बू, काळा तो काळू. पण वाचकहो, ढब्बूला कुणी नोकरी नाकारत नाही, आणि लंबूच्या बहिणीचे लग्न त्याच्या उंचीपायी अडत नाही. ज्या वैगुण्याच्या नावाखाली माणसाची शाळा, नोकरी, लग्न आणि भाड्याची खोली अडते, ते नाव हाक मारायला घेऊ नये, एवढा साधा विवेक आहे.

आता एक वाक्य घेऊ. ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो, सत्काराच्या भाषणांत ऐकतो आणि कुणाची विचारपूस करताना स्वतःही वापरतो. ‘गेली दहा वर्षे ते व्हीलचेअरला खिळून आहेत.’ या वाक्यात करुणा आहे, सहानुभूती आहे, फक्त एका गोष्टीची उणीव आहे, ती म्हणजे सत्याची. खिळा कशासाठी मारतात? वस्तू जागची हलू नये म्हणून. आणि चाके कशासाठी लावतात? ती हलावी म्हणून. एकाच वस्तूला चाकेही लावायची आणि खिळेही मारायचे, असला सुतार मी तरी पाहिलेला नाही. ‘अंथरुणाला खिळणे’ हा आपला जुना वाक्प्रचार आहे आणि तो अंथरुणाला शोभतो. खुर्चीला तो आपण केवळ सवयीने चिकटवला. वास्तविक ज्याला चालता येत नाही तो माणूस खुर्ची नसेल तेव्हा अंथरुणाला खिळतो. खुर्ची आली की तो खिडकीशी येतो, दाराशी येतो, रस्ता बरा असेल तर बाजारात आणि कचेरीतही जातो. चष्मा लावणाऱ्याला आपण ‘चष्म्याला खिळलेला’ म्हणतो का? मग जो खुर्ची वापरतो, तो ‘व्हीलचेअर वापरणारा’ किंवा ‘व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ’ एवढे म्हटले की काम भागते. शब्द दोन-तीनच लागतात, आणि सगळे खरे असतात.

या खुर्चीचा इतिहासही मोठा वाचनीय आहे. आज आपण दवाखान्यात पाहतो ती घडी घालता येणारी नळ्यांची खुर्ची सन १९३३च्या सुमारास अमेरिकेत जन्माला आली. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक इंजिनिअर खाणीतल्या अपघातामुळे चालू शकत नव्हते. त्यांना हवी होती मोटारीत घालून नेता येईल अशी खुर्ची. हॅरी जेनिंग्ज हे त्यांचे मित्रही इंजिनिअरच. दोघांनी मिळून ती तयार केली. म्हणजे ज्या वस्तूला आपण बंदिवासाची खूण समजतो, ती एका माणसाने प्रवासाला निघता यावे म्हणून शोधून काढलेली आहे. याच १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले. १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आलेल्या आजारपणाने त्यांच्या पायांतली शक्ती गेली होती. त्यांनी घरातल्या साध्या खुर्चीचे पाय काढून तिला चाके बसवून घेतली होती. तिच्यावरून हा माणूस खोल्याखोल्यांतून फिरला आणि चार वेळा निवडून आला. मात्र त्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे सहसा छापू दिली जात नसत. लोक काय म्हणतील, ही धास्ती अध्यक्षांनाही चुकली नाही! वॉशिंग्टनमधले त्यांचे स्मारक १९९७ साली खुले झाले, तेव्हाही खुर्ची दिसेल असा पुतळा त्यात नव्हता. अमेरिकेतल्या अपंग मंडळींनी आग्रह धरला, पैसे जमवले, आणि २००१ साली खुर्चीत बसलेले रूझवेल्ट स्मारकाच्या दारात येऊन बसले.

आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ असे सरळ नाव दिले आहे. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या शरीराचा कमरेखालचा भाग निकामी झाला. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि शेकडो मुलामुलींना शिक्षण नि रोजगार मिळण्याची वाट दाखवली. पुस्तकाच्या नावात नशीब नाही, दैव नाही, पंख छाटलेला पक्षी नाही. आहे ती एक खुर्ची, आणि तिला चाक आहे. मराठीत याहून नेटका शब्द शोधायला शब्दकोशमंडळ नेमण्याची गरज नाही.

शब्दांनी काय होते, असे विचारणारे वाचक असतीलच. त्यांच्यासाठी आमच्या नात्यातल्या एका मावशींची हकीकत सांगतो. मावशी पंचाहत्तरीच्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण पाय पूर्वीसारखा चालेना. घरातल्या घरात भिंतीला धरून चार पावले टाकता येत. मुलाने चांगली खुर्ची आणून दिली. मावशी तिच्यात बसेनात. ‘मला पांगळी म्हणून गावभर मिरवू नका’ हे त्यांचे एकच पालुपद. त्या पायी देवळात जाणे सुटले, भिशी सुटली, भाच्याच्या लग्नालाही त्या आल्या नाहीत. सबंध दोन वर्षे त्या बाईंनी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून रस्ता पाहण्यात काढली. आणि त्या इमारतीला लिफ्ट होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे! म्हणजे अडले होते ते लिफ्टवाचून नव्हे, खुर्चीवाचूनही नव्हे. ‘पांगळी’ या तीन अक्षरांनी दार अडवले होते. ही अक्षरे मावशींनी कुठून आणली? आपणा सर्वांकडूनच. उभ्या आयुष्यात त्यांनी इतरांबद्दल तो शब्द ऐकला होता, तो कोणत्या सुरात उच्चारला जातो हेही ऐकले होते. आता तो आपल्या नावामागे लागणार म्हणून त्या घाबरल्या.

पुढे त्यांच्या नातीने, वय वर्षे चार, एक दिवस त्या रिकाम्या खुर्चीत बसून घरभर फेऱ्या मारल्या आणि ‘आजी, तुझी गाडी मस्त आहे’ असे प्रशस्तिपत्र दिले. घरात तिचे नाव ‘आजीची गाडी’ पडले. गाडीत बसायला कुणाची ना असते? आधी संध्याकाळी खालच्या पारापर्यंत, मग देवळापर्यंत, मग भाजीबाजारात. हल्ली मावशींना घरी गाठायचे म्हणजे आधी फोन करून जावे लागते. पाय होते तसेच आहेत. खुर्चीही तीच आहे.

सन २०११च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात दोन कोटी अडुसष्ट लाख माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी हालचालीची अडचण असलेली चोपन्न लाखांच्या आसपास. त्या सगळ्यांना खुर्ची लागते असे नव्हे, आणि मावशींसारखी म्हातारपणाने थकलेली किती माणसे या मोजणीत आलीच नसतील. ‘आपल्या घरात तसे कुणी नाही’ असे म्हणणाऱ्याने फार मोठ्याने म्हणू नये. गुडघे सर्वांनाच आहेत.

बरे, मग म्हणायचे काय? येथे सरकारदरबारी मोठी शब्दयात्रा झाली आहे. आपल्याकडे पूर्वापार ‘अपंग’ शब्द होता. त्याच्या घराण्यातला संस्कृत ‘अपांग’ म्हणजे अवयवात उणा. आणि गंमत अशी की, ‘अपांग’ म्हणजे डोळ्याचा कोपराही! संस्कृत कवी नायिकेच्या अपांगांवर लुब्ध असत, ते या दुसऱ्या अर्थाने. हिंदीत ‘विकलांग’ रुळला. इंग्रजीत ‘हँडिकॅप्ड’ होता. तो टोपी हातात घेऊन भीक मागण्यावरून आला, असे पुष्कळजण सांगतात, पण ती दंतकथा आहे. टोपीत हात घालून खेळायच्या एका जुन्या सौद्याच्या खेळावरून तो निघाला आणि घोड्यांच्या शर्यतीत गेला. तेथे तर चांगल्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन लादत, त्याला हँडिकॅप म्हणत. म्हणजे मुळात तो बलवानाचा शब्द! शब्दांचे दिवस असे फिरतात.

१९९५ साली आपल्या संसदेने अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा केला. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी या विषयावर करार संमत केला, त्यावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केले, आणि २०१६ साली नवा कायदा आला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. मधल्या काळात, डिसेंबर २०१५ मध्ये, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे अशी सूचना केली. पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या खात्याच्या हिंदी नावात तो शब्द बसला. मग रेल्वेच्या डब्यांवर आला, दाखल्यांवर आला, आणि महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही निघाला.

हेतू चांगला, यात शंका नाही. पुष्कळांना तो शब्द आवडतो, आणि ते स्वतःसाठी तो आनंदाने वापरतात. परंतु अपंगांच्या कित्येक संघटनांनी त्याला त्याच वेळी हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आमच्या अंगात दिव्य असे काही नाही, आणि आम्हांला दिव्यत्व नको आहे, बसमध्ये चढता आले तर हवे आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला कुणी नोकरीच्या मुलाखतीला बोलावत नाही. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. आपल्याला मनातून अवघडल्यासारखे वाटले की आपण शब्दाला जरीची किनार लावतो. माणूस मात्र त्याच फाटकापाशी, त्याच तीन पायऱ्यांपुढे उभा... नव्हे, बसलेला राहतो!

माझ्या मते (आणि हे मत पुष्कळ जाणकारांचेही आहे) यावर सोपा तोडगा म्हणजे ज्याचे नाव त्यालाच विचारणे. कुणी ‘दिव्यांग’ म्हणा म्हणेल, कुणी ‘अपंग व्यक्ती’ म्हणा म्हणेल, कुणी ‘मला माझ्या नावाने हाक मारा’ म्हणेल. आपण लग्नानंतर सुनेला कोणत्या नावाने हाक मारावी हे विचारतो, मुलांच्या शाळेत त्यांचे नाव कसे लिहायचे याबद्दल हट्ट धरतो. मग येथे विचारायला संकोच कशाला? आणि विचारायचीही पाळी निम्म्या वेळा येत नाही. ‘पलीकडच्या वाड्यातले, बँकेत काम करणारे’ एवढ्याने ओळख पटत असेल, तर पायांचा उल्लेख हवाच कशाला?

आता कौतुकाविषयी दोन शब्द. हिणवणारी जीभ आपण ओळखतो, पण कौतुक करणारी जीभही कधी कधी तेच काम करते. ‘अपंग असूनही तिने पदवी मिळवली.’ या ‘असूनही’कडे जरा बघा. पदवी काय पायांनी मिळवतात? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक आपल्याला मिळाले ते त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २००८ साली. आणि पेटकरांना पद्मश्री केव्हा मिळाली? २०१८ साली. सेहेचाळीस वर्षे! ‘बिचारा’ म्हणायला आपण एक क्षण लावत नाही, ‘विजेता’ म्हणायला अर्धशतक लावतो. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा कुठे घराघरांतल्या मुलांना त्यांचे नाव कळले.

याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक खुर्चीवाल्या माणसाने पदकच मिळवले पाहिजे, अशीही आपली अपेक्षा असते. जो मिळवत नाही तो बिचारा, मिळवतो तो प्रेरणास्थान. मधली जागाच नाही. सकाळी उठून डबा घेऊन कचेरीत जाणारा, साहेबांवर चिडणारा, क्रिकेटवर वाद घालणारा, हप्ते भरणारा साधा मध्यमवर्गीय माणूस होण्याची परवानगी त्याला कुणी देत नाही. आपण सगळे तसेच जगतो आणि कुणी आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करत नाही. ते सुख त्यालाही मिळू द्यावे.

शब्दाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कुणाकडे तोंड करून उच्चारला. लग्नाच्या पंगतीत हे दृश्य कुणीही पाहावे. खुर्चीत वडीलधारे गृहस्थ बसले आहेत, मागे त्यांची मुलगी उभी आहे. यजमान येतात आणि मुलीला विचारतात, ‘यांना गोड चालतं का?’ गृहस्थांचे कान शाबूत आहेत, जीभ शाबूत आहे, आणि जिलबीविषयी त्यांची मते ठाम आहेत! पण प्रश्न डोक्यावरून जातो. पाय चालत नाहीत म्हणजे डोकेही चालत नसणार, असा हिशेब यजमानांनी नकळत केलेला असतो. विमानतळांवर तर कर्मचारी एकमेकांना सांगताना ‘दोन व्हीलचेअर आल्यात’ असे म्हणतात. दोन माणसे आली आहेत, हो!

या संदर्भात एक खरी गोष्ट मला फार बोलकी वाटते. रेल्वेच्या डब्यावर, दवाखान्याच्या दारावर निळ्या चौकटीत पांढऱ्या खुर्चीचे जे चित्र असते, ते मूळ १९६८ साली सुझान कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने काढले. त्यात खुर्ची होती, पण माणसाचे डोके नव्हते. वर्षभराने, १९६९ साली, समितीतल्या कार्ल मोंटान यांच्या लक्षात आले की ही नुसती खुर्चीच दिसते. त्यांनी वर एक वाटोळे काढले, आणि खुर्चीत माणूस आला. आपल्या बोलण्यातही तेवढेच एक वाटोळे काढायचे आहे.

मग आता जुन्या म्हणींचे काय करायचे, असा प्रश्न येईल. ‘आंधळं दळतं’ ही म्हण जाळायची? ‘लंगडी सबब’ कायद्याने बंद? मुलींनी लंगडी खेळायची नाही? आणि घरोघरच्या पांगुळगाड्याला काय म्हणायचे? माझे उत्तर असे की, पांगुळगाड्याला पांगुळगाडाच म्हणावे. त्या शब्दात कुणाची हेटाळणी नाही, उलट प्रत्येक धडधाकट माणूस एकदा चाकांच्याच आधाराने चालायला शिकला, ही आठवण त्यात आहे. म्हणींच्या बाबतीत मात्र समोर कोण आहे, आपण कुणाला लागेल असे बोलतो आहोत, हे पाहावे. शहाणा माणूस विधवेसमोर काही शब्द उच्चारत नाही, निपुत्रिकासमोर काही विनोद करत नाही. त्यासाठी त्याला कुणी यादी करून दिलेली नसते.

विनोदाबद्दल तर आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने चांगले विवेचन केले आहे. अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंगाला हिणवणारा विनोद वेगळा, असा भेद न्यायालयाने सांगितला. हिणकस झालेले शब्द टाळा, असेही चित्रपटवाल्यांना बजावले. आणि २०१६च्या कायद्यात तर चारचौघांत अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अपमानित केल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्थात घरातली जीभ कायद्याने वळत नाही. ती वळते आईने मुलाकडे पाहिलेल्या एका नजरेने.

मुलांवरून आठवले. रस्त्यात खुर्ची दिसली की लहान मूल मोठ्याने विचारते, ‘आई, हे काका असे का बसलेत?’ आई ओशाळते, ‘शू! तसं बोलू नये’ म्हणत त्याला ओढत नेते. मूल काय शिकते? की तेथे काहीतरी वाईट, न बोलण्यासारखे आहे. त्यापेक्षा ‘त्यांचे पाय चालत नाहीत, म्हणून ते चाकाच्या खुर्चीने फिरतात’ असे सरळ सांगावे. काका बहुधा स्वतःच हसून त्याला चाक दाखवतील. आणि मोठ्यांसाठी: न विचारता खुर्ची ढकलू नये. आपल्याला पाठीमागून येऊन कुणी बखोटीला धरून चालवू लागले तर कसे वाटेल? खुर्चीच्या दांड्यावर पिशवी अडकवू नये, तिच्यावर रेलू नये. बराच वेळ बोलायचे तर आपणही एखादी खुर्ची ओढून बसावे, म्हणजे त्यांची मान दुखत नाही. आणि ‘चला, फिरायला येता का?’ असे म्हणताना जीभ चावण्याचे काही कारण नाही. तेही फिरायलाच येतात.

आता शेवटचा आणि जरा कडू घास. सोसायटीची वार्षिक सभा भरते. पहिल्या मजल्यावरच्या कुणासाठी दारातल्या तीन पायऱ्यांशेजारी उतार करावा असा विषय निघतो. एक सभासद उठतात: ‘एका अपंगासाठी सगळ्यांचा पैसा कशाला?’ या वाक्यात शिवी नाही. पण ‘एका अपंगासाठी’ म्हटले की ठराव नापास होतो आणि ‘आपल्या दारातला उतार’ म्हटले की पास होण्याची शक्यता वाढते. कारण मग लक्षात येते की त्या उतारावरून बाळाची गाडी जाणार आहे, गॅसचे सिलिंडर जाणार आहे, आणि पाच-दहा वर्षांनी तेच सभासदही जाणार आहेत. हिशेब साधा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. याहून खडा केला तर तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते. नुसते ‘दिव्यांग’ म्हणून उतार न बांधणारा आणि बांधून वर ‘पांगळ्यासाठी बांधला’ म्हणणारा, दोघांनीही निम्मेच काम केले. शब्द आणि उतार ही जोडी एकत्र हवी.

तेव्हा या दिवाळीत एक करून पाहा. ज्यांना आपण ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून गेली काही वर्षे बोलावलेच नाही, अशी एखादी व्यक्ती प्रत्येकाच्या ओळखीत असते. त्यांना फोन करा. सोबतच्या माणसाला नव्हे, त्यांनाच. आणि बोलावताना स्पष्ट सांगा: ‘आमच्याकडे दारात दोन पायऱ्या आहेत, लिफ्टचे दार अमुक इतके रुंद आहे, आतले उंबरे असे आहेत, कसं जमवू या?’ ते सांगतील. त्यांना या गोष्टींचा आपल्यापेक्षा अधिक अनुभव असतो. ते आले की करंजीची बशी त्यांच्या हातात द्या आणि गोड चालते का, हे त्यांनाच विचारा. त्यानंतर खुर्चीबद्दल काय बोलावे, हा प्रश्न बहुधा उरणारच नाही. पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसांना बोलायला इतर विषय भरपूर असतात.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.